बंड्यास, सायकल जुळवण्याआधी

प्रिय बंड्या,

तुझी यादी मिळाली. फ्रेम एक, मोडक्या गिअरवाल्या सायकलचा सगळा सांगाडा, हँडलं दोन, पायडलं तीन (तिसरं कुणासाठी?), गंजलेली चेन, मूठभर कॉटर पिना आणि शेवटी ‘इतर बरंच काही’. सामानाचं वर्णन इतकं बारकाईने केलंयस, पण ही सायकल ज्याच्यासाठी बनणार त्याची उंची किती, पाय किती लांब, तो रोज कुठून कुठे जाणार, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र.

दादाचा फोन तुझ्या आधीच आला होता. “तुझं खूळ पोराच्या डोक्यात गेलंय, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही,” म्हणाला. वहिनी मागून डिझेलच्या वासाबद्दल काहीतरी बोलत होती. दोघांना सांग, आत्याने आयुष्यभर बँकेत लोकांचे पैसे मोजले, सायकलपायी कुणाचे बुडवले नाहीत. आणि हे पत्र मी मासिकालाही देते आहे. परीक्षा संपली की भंगारवाल्याकडे घुटमळणारी तुझ्या वयाची मुलं-मुली मला इथे पुण्यातही दिसतात, त्यांच्याही उपयोगी पडेल. घरचं नाव छापून येईल, रुसू नकोस.

आधी स्वतःला मोज. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, एक जाडसर पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत सरकव आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर वहिनीला घ्यायला सांग. दादाला नको, तो अंदाजे सांगतो. या आकड्याला ०.८८३ ने गुण. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत साधारण एवढं अंतर हवं. ८४ सेंटिमीटर भरले तर सीट ७४ सेंटिमीटरवर. हे गणित ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं, तीन वेळा टूर दी फ्रान्स जिंकलेला अमेरिकन. ते काही वेदवाक्य नाही. त्यावरून सुरुवात करायची आणि मग गुडघे काय म्हणतात ते ऐकायचं. आपल्याकडे निम्मे लोक पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग सायकलने गुडघे गेले म्हणून सांगत फिरतात.

दुसरं माप फ्रेमचं. पायडलवर नाही, जमिनीवर, आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहा. नळी आणि तुझ्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. नसतील, तर तळमजल्यावरच्या आजोबांनी तुला दिलेली ती फ्रेम कितीही देखणी असली तरी तुझी नव्हे. ती परत नेऊन दे. तसं झालं तर पुढचं पत्र निम्मं वाचलं तरी चालेल.

मी एवढी मापाच्या मागे का लागले, त्याला एक स्कॉटिश कारण आहे. ग्रॅम ओब्री नावाचा एक सायकलपटू. हाताशी पैसा बेताचाच. एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापता येतं, या विक्रमाच्या तो मागे होता. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत ५१.१५१ किलोमीटर केले होते आणि नऊ वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. ओब्रीने घरीच सायकल बनवली आणि नाव ठेवलं ‘ओल्ड फेथफुल’. क्रँकसाठी त्याने धुलाई यंत्राचं बेअरिंग वापरलं. एवढ्या वेगाने फिरणारा ड्रम जे पेलतं ते पायडलही पेलेल, हा त्याचा हिशोब. छाती हातांवर टेकवून तो इतका पुढे वाकायचा की गुडघे आडव्या नळीला घासले असते, म्हणून ती नळीच त्याने ठेवली नाही. पाय एकमेकांच्या जवळ यावेत म्हणून क्रँकची रुंदी कमी केली.

१६ जुलै १९९३ ला नॉर्वेमधल्या हामारच्या ट्रॅकवर तो विक्रमाला उतरला, पण त्या दिवशी वापरली ती त्याच्या सायकलवरून कारखान्यात बेतलेली, चकचकीत प्रत. विक्रम जवळजवळ किलोमीटरभराने हुकला. ट्रॅक त्याच्याकडे चोवीस तासांसाठी होता. पाय आखडू नयेत म्हणून तो रात्री भरपूर पाणी प्यायला, म्हणजे आपोआप जाग यावी आणि उठून ताण देता यावा. सकाळी आपली घरची सायकल घेऊन पुन्हा उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर केले. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने बोर्दोमध्ये तो विक्रम मोडला, पुढल्या वर्षी ओब्रीने परत मिळवला, मग जागतिक संघटनेने त्याची ती बसण्याची पद्धतच बंद केली. ती भांडणं वेगळी. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. लोक धुलाई यंत्राच्या बेअरिंगचं कौतुक करत बसतात. मला ती गाळलेली आडवी नळी आवडते. ओब्रीने आधी आपलं अंग कसं बसणार ते ठरवलं आणि त्याच्या आड येणारं सगळं टाकून दिलं. भंगार हे त्यानंतर आलं.

तर तुझं अंग, आणि तुझा रस्ता. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायचं म्हणजे चढ. हौस वाटली तर यवतेश्वरचा घाट आहेच. जुन्या काळ्या दांडगट सायकलींना पुढे ४८ दात, मागे १८ आणि २८ इंची चाक असायचं. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ सहा मीटर पुढे. सपाट रस्त्यावर ही चैन आहे, साताऱ्यात शिक्षा. तुझ्या फ्रेमला २६ × १⅜ ची चाकं बसतात असं तू कळवलंयस. पुढे ४४ दात आणि मागे २० दातांचं फ्रीव्हील घातलंस, तर एका फेऱ्याला साधारण साडेचार मीटर. उतारावर पाय उगाच गरगर फिरतील, फिरू देत. उतारावर घाई करायची नसतेच.

“आत्या, पण माझ्याकडे गिअर आहेत!” हे तुझं वाक्य मला इथपर्यंत ऐकू आलं. आता शांतपणे वाच. त्या गिअरवाल्या सायकलचं मागचं चाक तुझ्या फ्रेममध्ये बसणार नाही. जुन्या एका गिअरच्या फ्रेममध्ये मागचं चाक बसतं त्या दोन कानांमधलं अंतर ११० मिलिमीटरच्या आसपास असतं. तुझ्या गिअरवालीसारख्या डोंगरी सायकलचा मागचा हब १३५ चा. लोखंडी फ्रेम थोडी फाकवता येते, हे खरं. लोक फाकवतातही. त्यासाठी दोऱ्याची कसोटी आहे: मागच्या एका कानाला दोरा बांधायचा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या कानाला आणून ताणायचा, मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्यांचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. पाच-सहा मिलिमीटरचा प्रश्न असता तर मीच म्हटलं असतं, कर. पंचवीस मिलिमीटर म्हणजे सांध्यांवर अत्याचार. (अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर एक मिलिमीटरही नाही. ती वाकत नाही, तडकते.)

आणि समज बसलं, तरी ब्रेकचं काय? टायरवर २६ लिहिलंय म्हणजे सगळी २६ सारखी, असं तुला वाटलं असणार. सगळ्यांना वाटतं. २६ × १⅜ च्या टायरची कडा रिमवर जिथे बसते तो व्यास ५९० मिलिमीटर. डोंगरी सायकलच्या २६ × १.९५ ला तोच व्यास ५५९. म्हणजे रिम सर्व बाजूंनी पंधरा मिलिमीटरने आत गेली आणि तुझ्या ब्रेकचे गुटके हवेत चावे घेणार. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ३७-५९० असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा खरा. इंचातला मोठ्या अक्षरांतला आकडा फक्त दुकानाच्या पाटीसाठी आहे, असं समजून चाल.

त्या सायकलच्या ब्रेकच्या मुठींवर तुझा डोळा असेल तर तोही काढ. त्या सायकलला व्ही-ब्रेक आहेत असं तू लिहिलंयस. त्यांच्या मुठी केबल जास्त ओढतात. तुझ्या फ्रेमवर बसणाऱ्या कॅलिपरला कमी ओढणारी मूठ लागते. अदलाबदल केली तर मूठ कडक लागते, छान वाटते, आणि सायकल थांबत नाही. चेनही नको. गिअरची चेन अरुंद, तुझ्या जाड दातांवर ती बसणारच नाही.

मग त्या सांगाड्यातून हाती काय लागलं? सीट, पायडलं, ग्रिपा, घंटी. बास. बाकीचं वजनावर परत घाल, थोडे पैसे येतील. भंगारातून सायकल बनवण्याचं कौशल्य उचलण्यात नसून टाकण्यात आहे, आणि तू अजून उचलण्याच्या भरात आहेस. वहिनीची गॅलरी मोकळी होईल हा वरचा फायदा.

आता तुझ्या फ्रेमकडे. हिला मात्र वेळ दे. पुढे हँडलची नळी आणि खाली उतरणारी नळी जिथे जुळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरव. सुरकुती लागली, किंवा रंगाला आडवा तडा दिसला, तर ती सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. अशी फ्रेम कुठलाही वेल्डर ‘करून देतो’ म्हणेल. म्हणू दे. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे दोन्ही पाय बाजूने बघ. पुढे झुकलेला बाक दोन्हींचा सारखा हवा, आणि मागे दबलेला नको. चिमट्याबद्दल जरा जरी शंका आली तर नवीन घे. धावती सायकल इतर कुठे मोडली तर माणूस थांबतो, चिमटा मोडला तर तोंडावर पडतो. जुन्या वस्तूंचं मला प्रेम आहे, पण तुझे दात त्याहून जवळचे.

क्रँक काढताना हातोडी लागेल. क्रँक अडकवून ठेवणाऱ्या कॉटर पिनेचं नट पूर्ण काढू नकोस, पिनेच्या टोकाशी सपाट येईल एवढंच सैल कर, म्हणजे आटे वाचतील. क्रँकच्या खाली जाड पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकव, धक्का बेअरिंगमध्ये न जाता जमिनीत जावा म्हणून. मग एकच सणसणीत टोला. हळूहळू टकटक करत बसलास तर पीन वाकते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. आदल्या रात्री तेल सोडून ठेव. बसवताना नव्या पिना वापर, त्या मूठभर जुन्या नकोत. पिनेची सपाट बाजू कानशीने घासून बसवावी लागते. आणि दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, एकीचं नट वर तर दुसरीचं खाली. नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येणार नाहीत आणि चालवताना पाय लंगडत राहील.

आट्यांबद्दल आत्ताच सांगून ठेवते, कारण इथे चांगले चांगले फसतात. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. बी.बी.ची, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटची, उजव्या (चेनच्या) बाजूची वाटीसुद्धा उलट्या आट्याची. नेहमीच्या दिशेने जोर लावून ‘निघत नाही, निघत नाही’ म्हणत तू ती घट्टच करत असशील. त्यात मुळात ती वाटी काढायची गरज क्वचितच असते. आतून पुसून, टॉर्च मारून बघ. छर्रे धावतात ती वाट गुळगुळीत असेल तर जागेवर राहू दे. खड्डे दिसले तर दुकानात ने, त्यांच्याकडे मोठा पाना असतो.

छर्रे सगळे नवीन. बी.बी.त आणि मागच्या हबमध्ये पाव इंची, पुढच्या हबमध्ये तीन-सोळांशाचे. जुने आणि नवे मिसळायचे नाहीत, चांगले दिसले तरी. काही रुपयांची गोष्ट आहे. चेन, ब्रेकच्या तारा, त्यांची आवरणं, गुटके, ट्यूब, टायर हेही नवीन. म्हणजे तुझी फुकटची सायकल फुकट राहिली नाही, हे तुला कळलं असेल. स्वस्तात सायकल हवी तर चालू स्थितीतली जुनी सायकल विकत घ्यावी. भंगारातून बांधलेली त्याहून थोडी महागच पडते, आणि दादाला हे माझ्या नावाने सांगू नकोस.

सुटं सामान मिळेल का, ही काळजी मात्र करू नकोस. अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद केला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. तरी अ‍ॅटलसच्या जुन्या फ्रेमला लागणारी वाटी, कोन, पीन तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात आजही मिळते, कारण हे सामान लुधियानातल्या लहान-मोठ्या कारखान्यांत बनत राहतं आणि आपल्या साध्या सायकलींची मापं पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत. त्या काळ्या सायकलींना लोक हसतात. पण आटा कुठला, माप कुठलं, हा प्रश्न कधी न पडता खेड्यातल्या पोराने वडिलांची सायकल दुरुस्त केली, ती त्यांच्यामुळे.

चाकं. इथे फ्रेम आणि चाकाची नाही, हब आणि रिमची पत्रिका बघायची. आधी भोकं मोज. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे. आताच्या बऱ्याच रिमा ३६ च्या असतात. ४० च्या हबला ३६ ची रिम कुठल्याही देवाला साकडं घातलं तरी जमणार नाही. रिम शक्यतो अ‍ॅल्युमिनियमची शोध. साताऱ्याचा पाऊस तुला माहीत आहे, आणि ओल्या क्रोमवर ब्रेक जवळजवळ लागतच नाही. रबर नुसतं घसरत राहतं. अ‍ॅल्युमिनियमवर पाणी पुसलं गेलं की धरतं. नाहीच मिळाली तर लोखंडी घे आणि पावसाळ्यात ब्रेक फार आधीपासून दाबायला शीक.

आरे भरायला दुकानदाराकडे दिलंस तरी चालेल, पण आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, स्वतः काढ. सायकल उलटी उभी कर, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना रिमच्या अगदी जवळ येतील अशा काड्या बांध आणि चाक फिरव. जिथे रिम काडीला घासते तिथे विरुद्ध बाजूचे निपल घट्ट, त्याच बाजूचे सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग आरे बोटाने छेड. एका बाजूच्या आऱ्यांचे आवाज साधारण सारखे यायला हवेत, एखादा ढप्प वाजला तर तो काम करत नाहीये. चाक सरळ दिसतं पण आरे असमान ताणलेले आहेत, असं फार वेळा असतं. ते चाक पहिल्या खड्ड्यापर्यंतच सरळ.

तुझ्या अभियांत्रिकीच्या डोक्यासाठी एक गंमत. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरने १९८१ मध्ये सायकलच्या चाकावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातलं सांगणं असं की तुझं वजन चाकावर आलं की वरच्या आऱ्यांचा ताण फारसा वाढत नाही, खालच्या थोड्या आऱ्यांचा ताण कमी होतो. चाक त्या खालच्या आऱ्यांवर उभं राहतं. तार ढकलू शकत नाही हे तुला शिकवलेलं आहे, मग ती वजन कशी पेलते? कारण ती आधीच ताणलेली असते, आणि ताण कमी होणं हेही पेलणंच. तुझ्या सरांना विचार, वाद घालतील. वाद अजून संपलेला नाही, शब्दांचा तरी. म्हणूनच सैल आऱ्यांचं चाक लवकर मरतं: ज्यात ताणच नाही त्यातून कमी काय होणार?

रंगाबद्दल तू पान भरून लिहिलंयस, मी दोन ओळी लिहिते. गंज घासून काढ, रेडऑक्साइडचा हात दे, वर हवा तो रंग. आट्यांवर आणि बी.बी.च्या तोंडावर रंग जाऊ देऊ नकोस. क्रोमवरचा वरवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलने, पाण्यात बुडवून घासलास की जातो. आणि जुन्या कंपनीची चिन्हं विकत आणून चिकटवू नकोस. ज्यांना सायकल जशी होती तशी जपायची आहे त्यांचं काम वेगळं. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. पुण्याला आलास की तुला तिथे नेईन. तिथे मूळ दिवा, मूळ घंटी, मूळ पट्टी यांची किंमत कळते. तुझी सायकल तीन सायकलींची मिळून होणार, तिने कुणाचं नाव मिरवावं?

कागदाचं एक राहिलं. आजोबांकडून चिठ्ठी लिहून घे: अमुक फ्रेम, हा क्रमांक, स्वखुशीने दिली. फ्रेमचा क्रमांक बहुधा सीटखाली किंवा बी.बी.च्या तळाशी ठोकलेला असतो, रंग देण्याआधी उतरवून ठेव. भंगारवाल्याकडूनही जमेल तशी पावती घे. इथे जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी जाते, तेव्हा क्रमांक कानसलेली फ्रेम दिसली की हातही लावत नाही, कितीही स्वस्त असो. सोसायटीच्या जिन्याखाली वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली सायकलसुद्धा कुणाची तरी असते. विचारल्याशिवाय तिची घंटीही काढायची नाही. बहुतेक लोक विचारलं की आनंदाने देतात, वर ती कुणी कधी घेतली याची गोष्टही सांगतात, अर्धा तास जातो. जाऊ दे.

एसटीच्या पार्सलने तुझ्यासाठी एक डबा पाठवते आहे. त्यात छर्रे आहेत, दोन जोड्या कॉटर पिना, निपलचा पाना आणि ग्रीसचा छोटा डबा. वहिनीसाठी भाजणी वेगळ्या पिशवीत आहे, ती ग्रीसच्या हातांनी उघडू नकोस. तू मला तीन आकडे कळव: पायाची लांबी, फ्रेमच्या मागच्या कानांमधलं आतलं अंतर आणि मागच्या हबची भोकं. पहिले दोन मिलिमीटरमध्ये. ‘साधारण’ हा शब्द लिहिलास तर उत्तर येणार नाही.

तुझी,
आत्या